तलावाची वही

नववीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आमच्या वर्गाला एक वही दिली होती. ती कुणा एकाची नव्हती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांची पाळी असेल त्यांनी जवळच्या तलावावर जायचं, दगड बांधलेली पांढरी एनॅमलची ताटली दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजून वहीत लिहायच्या. वितीवितीवर एक गाठ. इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात अशाच तबकडीने पाण्याचा नितळपणा मोजला होता, हे बाईंनी सांगितलं तेव्हा आमची छाती फुगली. आज पाणी तपासणं हाच माझा व्यवसाय आहे आणि ती तबकडी अजूनही वापरात आहे.

वार्षिक परीक्षेच्या सुमारास एका सकाळी त्या तलावात मेलेले मासे तरंगताना दिसले. कुणीतरी विष घातलं, यावर वर्गाचं एकमत झालं. बाईंनी वही शेवटच्या पानापासून उलटी वाचायला लावली. मार्चमध्ये ताटली दुसऱ्या गाठीला नाहीशी होत होती. संक्रांतीला तिसऱ्या, दिवाळीला पाचव्या. "मासे काल रात्री मेले," बाई म्हणाल्या, "पण तलाव केव्हापासून बदलत होता?"

मग त्यांनी उलगडून सांगितलं. पाणी हिरवं होतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा ते प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेही श्वास घेतं आणि मासेही. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून मासे बहुधा त्याच वेळी दगावतात.

पुढे शिकताना कळलं की बाईंनी आम्हाला मोठ्या विषयाच्या दारात आणून उभं केलं होतं. उथळ तलावाच्या दोन अवस्था असू शकतात आणि दोन्ही स्वतःला टिकवून धरतात. नितळ पाण्यात तळापर्यंत उजेड पोचतो, पाणवनस्पती वाढतात, त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात, पानांच्या आडोशाला शेवाळ खाणारे बारीक जीव राहतात आणि पाणी नितळच राहतं. सांडपाणी, साबण, निर्माल्य, माशांना घातलेल्या पिठाच्या गोळ्या यांतून शेवाळाला पोसणारा फॉस्फरस येत राहिला तरी बराच काळ वरून काही दिसत नाही. मग एखाद्या ऋतूत शेवाळ वरचढ होतं, उजेड अडतो, वनस्पती मरतात, गाळ सुटतो, आणि आता गढूळपणा स्वतःला टिकवू लागतो. फॉस्फरसचा हात किती मोठा, हे कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका सरोवराच्या मधोमध पडदा लावून दाखवलं. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एकात. तोच भाग हिरवागार झाला.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती परतीची वाट. नेदरलँड्समधलं वेलुवे सरोवर साठच्या दशकाच्या अखेरीस गढूळलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे येणारा फॉस्फरस कमी करायला सुरुवात झाली, पण पाणी नितळ व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. ज्या पातळीला ते बिघडलं, त्याच्या बरंच खाली फॉस्फरस न्यावा लागला. तळाचा गाळ जुना साठा परत पाण्यात सोडत राहतो. ठाण्यात गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलाव आले ही फार चांगली गोष्ट झाली, पण आपल्या तलावांतली कारंजी पाहून समाधान मानणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. कारंजं प्राणवायू देतं, गाळातल्या फॉस्फरसला ते हातही लावत नाही.

ठाणे खाडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला तीच जास्त मोहवते. शहरांचं सांडपाणी आणि गाळ खाडीत येत गेला, चिखलाची मैदानं पसरली, त्यांवर तिवरं चढली, शेवाळ वाढलं. नव्वदच्या दशकापासून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मोठ्या संख्येने येऊ लागले, त्याचं एक कारण अभ्यासक हेच सांगतात. त्यांतली लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) ही जात मुख्यतः शेवाळच खाते. २०१५ साली तिथे अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. म्हणजे आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यातलं काही या पक्ष्यांचं अन्न झालं. उद्या सांडपाणी नीट शुद्ध होऊ लागलं (ते झालंच पाहिजे) तर हे थवे कुठे जातील? एका हिवाळ्यात कितीही पक्षी मोजले तरी याचं उत्तर मिळणार नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच पद्धतीने केलेल्या नोंदी लागतील.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या या वर्षी तिला माझी एक विनंती आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोटी जातात. आठवी-नववीच्या मुलांना डिसेंबरपासून दर महिन्याला न्यावं. पाणी तपासायचं साहित्य मी आणीन, भरतीच्या वेळाही काढून देईन. फक्त हे काम एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जात राहील, अशी सोय शाळेने करावी.