तुम्ही विचारलंत म्हणून: मटेरियल्सच्या पीएचडीला इतकी वर्षं का लागतात?

"पवईच्या आयआयटीत मटेरियल्समध्ये संशोधन म्हणजे दिवसभर नेमकं काय चालतं? आणि त्याला पाच-पाच वर्षं कशाला लागतात?" प्रवेशाच्या विचारात असलेली मुलं हे विचारतात, त्यांचे आईवडील तर हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

विभागाचं नाव धातुकर्म अभियांत्रिकी आणि पदार्थविज्ञान (इथे अर्थ फिजिक्स नव्हे, मटेरियल्स सायन्स), बोलताना सगळे 'मेटा' म्हणतात. काम एका वाक्यात सांगायचं तर धातू किंवा सिरॅमिक तापवायचं, लाटायचं, थंड करायचं, मग आत काय बदललं ते पाहायचं आणि मोजायचं. बराचसा वेळ त्या 'पाहायचं'मध्ये जातो.

ईएन-8 पोलाद घेऊ. साधारण 0.4 टक्के कार्बन, शाफ्ट आणि बोल्टना चालतं ते. बार मुंबईतल्या गुलालवाडी-कुंभारवाड्याच्या पेढ्यांवर मिळतो. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) बारवरच्या नंबराशी जुळतो का, हे दुकानातच बघून घ्यावं. तरीही एक तुकडा आधी स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणाऱ्या यंत्रावर, तपासावा. सहा महिन्यांनी कार्बन 0.3 निघाला तर तोवरचं सगळं काम बाद होतं.

आता नमुना कापायचा, तो भरपूर कूलंट सोडून. कोरडं कापलं की कड निळसर पडते, म्हणजे तिथलं पोलाद तापून बदललंय. मग हातात नीट धरता यावा म्हणून बेकेलाइट या प्लास्टिकमध्ये बसवायचा, म्हणजे माउंट करायचा: सुमारे 150 अंश, दाबाखाली, थंड होईपर्यंत धरून दहा-पंधरा मिनिटं. पाण्यात विझवलेलं कडक पोलाद असेल तर हे 150 अंशही त्याला बाधतात, मार्टेन्साइट (विझवल्यावर तयार होणारी कडक रचना) टेंपर व्हायला, म्हणजे मऊ पडायला लागतो. तिथे इपॉक्सीचं थंड माउंट करावं आणि ते घट्ट व्हायला रात्रभर ठेवावं.

पुढे घासायचे पेपर, आकडा मोठा तसा पेपर बारीक. 220, 400, 600, 800, 1000, 1200, याच क्रमाने. प्रत्येक पेपरवर एकाच दिशेने घासायचं आणि पुढच्या पेपरला नमुना 90 अंशांत फिरवायचा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या, की तेवढाच वेळ आणखी घासायचं, कारण रेघेखाली दबलेला, विस्कटलेला थर डोळ्यांना दिसत नाही. नवीन मुलं इथेच घाई करतात. पेपर बदलताना नमुना आणि स्वतःची बोटंही धुवायची. 220चा एक कण नखात अडकून 1200वर आला, की पुन्हा मागे जावं लागतं.

शेवटी मखमली कापड, आधी 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट, मग पाव मायक्रॉनची. चकतीच्या उलट दिशेने नमुना सावकाश फिरवत ठेवायचा. एकाच बाजूने धरला तर प्रत्येक समावेशकणामागे (पोलादात अडकलेल्या परक्या कणामागे) धूमकेतूसारखी शेपटी उमटते. फार वेळ धरला तर कण उपटून निघतात, कडा गोल होतात. झालं की पाणी, मग अल्कोहोल, मग ड्रायरची हवा. मुंबईच्या जुलैत हा शेवटचा भाग चुकवून चालत नाही. आरसा केलेलं ईएन-8 टेबलावर तसंच राहिलं, तर सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसतात. म्हणून डेसिकेटर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं. त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवून परत निळी करायची. हे काम कोणाच्याच नावावर नसतं, पण कोणी केलं नाही तर सगळ्यांचे नमुने गंजतात.

मग एचिंग, म्हणजे आतली रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग आम्लाने किंचित खायचा. 2 टक्के नायटल म्हणजे 98 मिली इथेनॉलमध्ये 2 मिली नायट्रिक आम्ल. आम्ल अल्कोहोलमध्ये थेंब-थेंब घालायचं, उलट कधीही करायचं नाही. घट्ट बूच लावून साठवायचं नाही आणि कडक द्रावण करण्याचा मोह टाळायचा, त्यातून वायू होऊन बाटली फुटू शकते. पोलाद पाच ते पंधरा सेकंद बुडवायचं. आरशावर धूसरपणा आला की लगेच धुवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पांढरा फेराइट आणि काळसर पर्लाइट (पोलादातल्या दोन रचना) दिसला, तर काम झालं. सगळं काळं दिसलं तर जास्त झालंय, परत मखमलीवर. पुसट रेघांचं जाळं उभं राहिलं तर विस्कटलेला थर राहिलाय, परत पेपरवर.

हीच बाटली 304 स्टेनलेसवर चालत नाही. त्याला 10 टक्के ऑक्झॅलिक आम्लात 6 व्होल्ट लावून एच करावं लागतं. ॲल्युमिनियमच्या एचिंगच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते हाताशी असताना कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाच्या भाजण्यावरचा प्रथमोपचार) शेजारी नसेल, तर मी म्हणेन, त्या दिवशी एचिंग करूच नका.

आता हिशोब घाला. तीन तापमानं, प्रत्येक तापमानाला तापवण्याचे चार वेगवेगळे कालावधी, प्रत्येक स्थितीचे तीन नमुने: 36 झाले. एकाला दीड तास धरला तरी नुसत्या पॉलिशिंगचे 54 तास. त्यातले काही पहिल्यांदा बिघडतातच.

फर्नेसचा वेळ वेगळा. एखाद्या नमुन्याला 100 तास तापवायचं असतं आणि पडद्यावर दिसणारा आकडा नमुन्याचा नसतो, थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकाचा असतो. दोघांत चार-पाच सेंटिमीटरचं अंतर असलं तरी ट्यूब फर्नेसमध्ये वीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून आधी दुसरं थर्मोकपल नळीत सरकवत नेऊन सर्वांत स्थिर पट्टा शोधायचा, नमुना ठेवलेली 'बोट' (होडीच्या आकाराचं छोटं भांडं) तिथेच ठेवायची. ॲल्युमिनाची नळी मिनिटाला पाच अंशांपेक्षा वेगाने तापवली तर तडकू शकते. टायटॅनियमसाठी नुसता आरगॉन पुरत नाही. नमुन्याच्या अलीकडे, गॅस आत येतो त्या बाजूला, टायटॅनियमचे तुकडे ठेवतात, उरलेला ऑक्सिजन तेच खाऊन टाकतात.

आणि इथेच विभाग म्हणजे काय ते कळतं. चालू फर्नेसवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: नाव, हॉस्टेलची खोली, फोन, तापमान, गॅस, बंद करण्याची वेळ. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'रात्री 2 वा. 851, गॅस ठीक' असं कोणीतरी लिहून गेलेलं असतं. त्याचा स्वतःचा नमुना पलीकडच्या फर्नेसमध्ये असतो, जाता-जाता त्याने हेही पाहिलेलं असतं. अशा नोंदींवर शंभर तासांचे प्रयोग तग धरतात. मला तरी या चिठ्ठीइतकी खरी दुसरी ओळख विभागाची सांगता येत नाही.

मोठी यंत्रं सगळ्यांची मिळून असतात, स्लॉट घ्यावा लागतो. दोन तासांचा एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) स्लॉट वाया जातो तो साध्या कारणांनी: बेकेलाइट वीज वाहत नाही आणि नमुन्यापासून स्टबपर्यंत (नमुना बसवायच्या धातूच्या बैठकीपर्यंत) कार्बन टेप लावायची राहिली, किंवा माउंट ओलसर होतं आणि निर्वातच होईना. स्फटिककणांची दिशा मोजणाऱ्या ईबीएसडी या तंत्राला पृष्ठभागाचा वरचा काही दहा नॅनोमीटरांचा थर निखळ लागतो. त्यासाठी कोलॉइडल सिलिकावर अर्धा तास तरी जास्तीचा द्यायचा, मग नमुना 70 अंश तिरका लावायचा. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत, तांब्याची ट्यूब आणि लोखंडी नमुना एकत्र आले की लोखंड स्वतःच क्ष-किरण सोडायला लागतं आणि शिखरं त्या गोंगाटात बुडतात. कोबाल्टची ट्यूब मागायची, किंवा मोनोक्रोमेटर (नको ते किरण गाळणारा भाग) असलेलं यंत्र.

हे सगळं शिकवतं कोण? थोडं सीनियर आणि फार मोठ्या प्रमाणात लॅबमधले तंत्रज्ञ काका. ग्राइंडरच्या आवाजावरून "पाणी कमी पडतंय" असं दारातून सांगणारा माणूस पुस्तकात मिळत नाही. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्याकडचं लिहून घेणं हे मला शोधनिबंधाइतकं महत्त्वाचं वाटतं. वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला यंत्रांना झेंडूची माळ पडते. त्याआधी जबडे साफ होतात, तेल बदललं जातं, हरवलेले ॲलन की सापडतात. ती सफाई सीनियर-ज्युनियर सगळ्यांनी मिळून करावी, यंत्र आतून त्याच दिवशी नीट कळतं.

बाकी कोर्सवर्क, क्वालिफायर परीक्षा, दरवर्षीचा एपीएस (प्रगतीचा सेमिनार) हे सगळं असतंच, ते नियमात वाचायला मिळेल. बाहेरच्या कॉलेजात असाल तर एवढं माहीत असू द्या: पवईच्या सैफ या विश्लेषण-यंत्रांच्या केंद्रात बाहेरचे नमुनेही पैसे भरून तपासून मिळतात. पाठवताना नमुना कोरडा, खूण केलेला आणि वेगळ्या डबीत असावा, सोबत काय शोधायचंय ते स्पष्ट लिहावं.

आणि प्रवेश घेण्याआधी विभाग बघायला आलात, तर पॉलिशिंग रूममध्ये जा. 1 मायक्रॉनच्या आणि पाव मायक्रॉनच्या चकत्यांवर वेगवेगळी झाकणं आहेत का? सिंकजवळ वापरलेले 220चे पेपर 1200च्या गठ्ठ्यावर पडलेत का? लॉगबुकातली शेवटची नोंद कधीची आहे, आणि 'काय बिघडलं' या रकान्यात कोणी काही लिहिलंय का, तेही पाहून घ्या.