सव्वा वर्षाच्या बाळाचे दात दाखवायला गेले तेव्हा

"वय किती?" केस पेपरच्या खिडकीतून विचारलं. एक वर्ष तीन महिने, मी म्हटलं. "मग बालरोगला जा. दंतला एवढी लहान मुलं नसतात." तो दिवस आठवला की अजून डोकं तापतं. दुसऱ्या कुणा आईची अशी फरफट होऊ नये म्हणून लिहितेय.

लेकाला सातव्या महिन्यात खालचे दोन पटाशीचे दात आले आणि वर्षाच्या आत वरचेही आले. लाळ, चावाचावी, रात्रीची किरकिर, सगळ्यांकडे होतं तेच. मग एकदा आंघोळीनंतर ओसरीवर उन्हात मांडीवर घेतला होता. तो खदखदून हसला आणि वरचा ओठ वर गेला. वरच्या दोन दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. मला वाटलं साय चिकटली असेल. ओल्या फडक्याने पुसलं, जाईना. दात कोरडा झाल्यावर तर आणखी ठळक दिसायला लागली.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत. माझं मन मानेना. सातची एसटी धरून जिल्ह्याच्या गावी मोठ्या रुग्णालयात गेले. खिडकीवर सांगितलं म्हणून आधी बालरोगच्या रांगेत दीड तास उभी राहिले. डॉक्टरांनी "दंतविभाग" एवढंच कागदावर लिहून दिलं. दंतविभाग दुसऱ्या इमारतीत. तिथे म्हणाले, हा केस पेपर बालरोगचा आहे, आमचा वेगळा काढून आणा. परत खाली, परत रांग. बाळ भुकेने आणि झोपेने रडून लालबुंद झालं होतं. आडोसा कुठेच नाही, शेवटी जिन्याखाली बसून पाजलं. वर पोचेपर्यंत साडेबारा वाजले. टेबलामागच्या बाईंनी बसल्या जागेवरूनच सांगितलं, "तीन वर्षांचा झाला की आणा. आत्ता हा तोंड तरी उघडणार आहे का?" मी म्हटलं, "मॅडम, एकदा ओठ वर करून बघा तरी." त्यांनी रजिस्टर मिटलं.

उतरताना जिन्यातच माझे डोळे भरून आले. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी थांबली. म्हणाली, "ताई, खिडकीवर नुसतं दंत म्हणू नका. बालदंतरोग विभाग म्हणा, तिसरा मजला." सकाळपासून हा एक शब्द मला कुणीही सांगितला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो शब्द वापरला आणि अर्ध्या तासात नंबर लागला. डॉक्टर आणि मी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसलो. बाळाचे पाय माझ्या कमरेभोवती, डोकं त्यांच्या मांडीवर. तो रडला, आणि रडताना तोंड आपोआप उघडलं. ती रेघ म्हणजे कीड लागण्याची सुरुवात होती, अजून खड्डा पडलेला नव्हता. कारण माझंच होतं. रात्री खडीसाखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून तो झोपायचा. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांवर तसंच राहतं. खालच्या दातांवर जीभ येते, म्हणून आधी वरचे किडतात. पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मी तीन महिने उशिरा गेले होते, आणि मला सांगितलं काय, तर पावणेदोन वर्षांनी या!

दातांवर फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड रोखणारा पातळ लेप, लावला, मिनिटभराचं काम. त्या दिवशी दात पिवळट दिसतात, घाबरू नका. त्या रात्री ब्रश करायचा नाही.

बाटली आम्ही आठवडाभरात सोडवली. पहिल्या तीन रात्री फार कठीण गेल्या. आता झोपताना फक्त पाणी. ब्रश दोनदा, त्यातला रात्रीचा चुकवायचा नाही. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. आणि हो, दात यायच्या आधीपासूनच पाजून झाल्यावर ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसायच्या. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हिरड्या शिवशिवतात तेव्हा फ्रीजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चावायला द्या. बधिर करणारं जेल लावू नका, दोन वर्षांखालच्या बाळाला ते धोक्याचं आहे. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. जोराचा ताप आला तर दात येतायत म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, तेव्हा "पडायचेच आहेत" म्हणणाऱ्यांना हे सांगा.

तीन महिन्यांनी परत गेलो. रेघ वाढलेली नव्हती. खडूसारखी भुरकट होती ती आता गुळगुळीत, चकचकीत दिसत होती. या वेळी ओठ वर केला तेव्हा लेक रडला नाही, आरशाकडे टक लावून बघत राहिला.