टोपी वाकडी आहे

पहिल्यांदा भूल दिली तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होता. कानात ग्रोमेट, म्हणजे पडद्यातली इवलीशी नळी, बसवायचं होतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. नर्सने त्याला माझ्या कडेवरून ओढूनच घेतलं आणि दार बंद झालं. आतून हाक आली तेव्हा तो पलंगावर कमान करून किंचाळत होता. मी समोर उभी, तर ''आई पाहिजे'' म्हणत मलाच लाथा मारत होता! नजर माझ्यावर ठरतच नव्हती. वीसेक मिनिटांनी आपोआप ओसरलं. ''हट्टी आहे हो तुमचा,'' कुणीतरी म्हणालं.

तो हट्ट नव्हता. भूल उतरताना मेंदू अर्धवट जागा होतो, त्यातला हा गोंधळ. सेवोफ्लुरेनसारखी हुंगायची भूल दिली की शाळेत जायच्या आधीच्या वयात तो बऱ्याचदा दिसतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

पाचव्या वर्षी टॉन्सिल निघाले. या वेळच्या भूलतज्ज्ञ बाईंनी आठवडाभर आधी बोलावून भूल द्यायचा मास्कच हातात ठेवला. ''घरी न्या, खेळू दे.'' मग आमच्याकडे अस्वलाला भूल, बाबांना भूल, एकदा तर उशीलासुद्धा.

बाईंनी माझी घेतलेली शिकवणी वेगळी. ''घाबरू नको, काही होणार नाही'' हे वाक्य बंद. त्यातून पोराला एवढंच कळतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा त्याला गोष्टीत गुंतवा. डोळे फिरतील, हातपाय झाडेल, घोरेलही. ते भुलीचंच आहे, आणि आम्ही खूण केली की निघायचं.

मी विचारलं, ''आई नुसती जवळ असली तर नाही का पुरत?'' नाही पुरत, म्हणाल्या. अमेरिकेतल्या झीव्ह केन यांच्या पथकाने 2007 साली 408 मुलांचा अभ्यास छापला. ज्या घरांची अशी तयारी करून घेतली होती, त्या मुलांत जागं होतानाचा गोंधळ कमी दिसला, वेदनाशामकही कमी लागलं. आईबापांना नुसतं आत नेऊन तेवढं साधलं नव्हतं. माझ्यासारखी कावरीबावरी आई तर उलट भर घालणार, हे मला न सांगताही पटलं.

त्या दिवशी मास्क त्याने स्वतःच नाकावर धरला. अस्वल कुठल्या गुहेत शिरलं ते सांगताना माझी जीभ एकदा ''घाब...''पर्यंत गेलीच. बाईंनी नुसतं पाहिलं. मी मुकाट्याने गुहेत परतले.

जाग येण्याआधीच मला रिकव्हरीत, म्हणजे शुद्धीवर येण्याच्या खोलीत, नेऊन बसवलं होतं. त्याने डोळे उघडले, घसा दुखतो म्हणून जरासा रडला, मग माझ्याकडे टक लावून बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला, ''आई, तुझी टोपी वाकडी आहे.''

आता तो दोन वर्षांनी मोठा होता, भुलीची औषधंही कदाचित वेगळी असतील. एका पोरावरून काय सिद्ध करणार? पण मला ओळखलं त्याने.

तिसऱ्या रात्री अंथरूण ओलं केलं. काही दिवस असं होऊ शकतं, हेही बाईंनी सांगून ठेवलं होतं. चादर बदलली आणि झोपलो दोघं.