गुरुवार, संध्याकाळी सात ते दहा

घरात वॉशिंग मशिन नाही हे कळल्यावर स्टॉकहोमला नवीन आलेल्या आपल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एवढा श्रीमंत देश, वॉशिंग मशिन बनवणारी इलेक्ट्रोलक्स ह्यांचीच कंपनी, आणि कपडे धुवायचे तर निळ्या आयकिया पिशवीत गच्च भरून लिफ्टनं तळघरात जायचं? हो, जायचं. तिथे एक खोली असते, तिला म्हणतात त्वेत्स्तूगा, तिच्यात दोन-तीन दणकट मशिन्स, एक टम्बल ड्रायर, गरम हवेचं उंच कपाट, कपडे घडी करायला लांब टेबल, आणि जुनी बिल्डिंग असेल तर चादरी दोन रोलरांमधून काढून कडक करायचं मँगल. सगळ्या बिल्डिंगचे कपडे इथेच धुतले जातात, प्रोफेसरचे आणि बस ड्रायव्हरचेसुद्धा.

पण नुसतं खाली गेलं आणि मशिन लावलं असं होत नाही, स्लॉट घ्यावा लागतो. आता बऱ्याच ठिकाणी स्क्रीन नाहीतर ॲप आलंय, पण जुनी पद्धत अजून काही बिल्डिंगींत आहे आणि मला तीच आवडते. भिंतीवर एक बोर्ड, त्यावर महिन्याच्या तारखा आणि प्रत्येक तारखेसमोर वेळांची भोकं, आणि प्रत्येक फ्लॅटला आपला नंबर कोरलेलं एक बोटभर कुलूप, ते हव्या त्या भोकात घालून किल्ली फिरवायची की झालं, गुरुवार संध्याकाळ सात ते दहा तुमची, आता पंतप्रधान आला तरी ती कुणी घेऊ शकत नाही. शिवाय बोर्डावर सगळ्यांचं सगळं दिसतं, रविवारची सकाळ कायम कोण अडवतं, नवीन बाळ कुणाकडे आलंय (आधी दोनच माणसांचे कपडे होते, आता दर आठवड्याला स्लॉट लागतो). शेजाऱ्याशी जिन्यात बोलायला लागू नये म्हणून दाराच्या भोकातून आधी बघून मग बाहेर पडणारी ही माणसं, त्यांची एवढी खबर दुसरीकडे कुठे मिळणार.

नियम भिंतीवर लॅमिनेट करून लावलेले असतात. अर्ध्या तासात मशिन चालू केलं नाही तर स्लॉट गेला, कुणीही घ्यावा. रात्री दहानंतर नाही. जाताना साबणाचा ड्रॉवर पुसा, फरशी पुसा, आणि ड्रायरच्या जाळीत अडकलेला कापसासारखा गुबगुबीत कचरा काढून टाका. ह्या शेवटच्या गोष्टीवर स्वीडिश माणूस जितका मनापासून चिडतो तितका इन्कम टॅक्सवरही चिडत नाही, आणि टॅक्स इथे किती आहे हे इथे पगार घेणाऱ्याला विचारा.

चिडला तरी तोंडावर बोलणार नाही हं. चिठ्ठी लावणार. सकाळी खाली जावं तर ड्रायरवर टेपनं चिकटवलेला कागद, जाळी साफ करणं इतकं अवघड आहे का, तीन उद्गारचिन्हं, खाली सही नाही, आणि शेवटी मात्र ‘मैत्रीपूर्ण नमस्कार, एक शेजारी’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात कुणीतरी उत्तर दिलेलं असतं, मग तिसरा येऊन पहिल्याचं शुद्धलेखन सुधारतो. अशा चिठ्ठ्यांची इथे पुस्तकं निघालीयत, पेपरवाले छापतात, लोक वाचून पोट धरून हसतात आणि संध्याकाळी स्वतः एक लिहितात. आपल्याकडे हेच भांडण गॅलरीतून गॅलरीत झालं असतं, सगळ्या मजल्यांनी ऐकलं असतं आणि गणपतीत आरतीला दोघी शेजारी उभ्या राहिल्या असत्या. इथे आवाज नाही, पण मिटतही नाही पटकन. मला विचाराल तर माझं मत आपल्या पद्धतीकडे झुकतं, फक्त तेव्हा मी वरच्या मजल्यावर असले पाहिजे.

हे सगळं आलं कुठून ते कळल्यावर मात्र माझी कुरकुर थोडी कमी झाली. पूर्वी गावाकडे मोठी धुणी वर्षातून मोजक्या वेळाच निघायची, बायका राखेच्या पाण्यात कपडे उकळायच्या आणि तळ्यावर नेऊन आपटायच्या, हिवाळ्यात तळं गोठलेलं असलं तर बर्फाला भोक पाडून त्यात हात घालून खळबळायच्या. नुसतं वाचून माझी बोटं बधिर होतात. मग १९२३ मध्ये एचएसबी नावाची सहकारी गृहसंस्था निघाली, म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीच्याच जातीतली, आणि त्यांनी बिल्डिंगीतच सामायिक लॉन्ड्री बांधायला सुरुवात केली. पुढे तर सरकारनंच हा विषय हातात घेतला, १९४७ मध्ये सामुदायिक धुण्यावर चक्क सरकारी समितीचा अहवाल आला. १९६५ ते १९७४ ह्या दहा वर्षांत देशात दहा लाखाच्या आसपास घरं बांधली गेली, त्यातल्या फ्लॅटवाल्या बिल्डिंगींना लॉन्ड्री असणारच हे गृहीतच होतं. बाईच्या पाठीचं दुखणं हा सरकारी कामाचा विषय होऊ शकतो ही कल्पनाच मला भारी वाटते.

आणि आता खाली जाऊन बघा, चादरीची घडी घालणारा निम्म्या वेळा पुरुष असतो. १९७४ पासून बाळंतपणानंतरची रजा आई-बाप दोघांना वाटून घेता येते, आज ती एका मुलामागे ४८० दिवसांची आहे आणि त्यातले ९०-९० दिवस ज्याचे त्यानेच घ्यायचे, नाहीतर फुकट. त्यामुळे दुपारी दोनच्या स्लॉटला बाबागाडी दारात, बाळ झोपलेलं आणि बाप लंगोटं वेगळी काढतोय हे दृश्य कुणाला नवीन नाही. आमच्याकडे सुट्टीवर आलेल्या माझ्या सासूबाई मात्र त्या बाप्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की त्यानेच शेवटी ‘हेय’ म्हटलं.

बोर्डावरून सणवारही कळतात. डिसेंबरात सगळे पडदे आणि टेबलक्लॉथ धुवायला निघतात, ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात एक स्लॉट मिळायची मारामार, आणि २४ तारखेला दुपारी तीनला अख्खी खोली रिकामी, कारण सगळा देश टीव्हीसमोर बसून दरवर्षीचंच डोनाल्ड डकचं कार्टून बघत असतो. मिडसमरला, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाला, पण शुकशुकाट. जुलैत तर बोर्डावर कुलूपच दिसत नाही, उन्हाळ्यात सलग चार आठवडे सुट्टी घेणं हा कायद्यानं दिलेला हक्क, सगळे आपापल्या सुट्टीच्या लाल लाकडी घरांकडे पळालेले. तेव्हा शहरात उरतो आपण, काही टुरिस्ट, आणि मोकळी मशिन्स.

नवीन बिल्डिंगींत आता बाथरूममध्येच मशिन देतात, त्याच्यावर ड्रायर ठेवून. काही सोसायट्यांत तळघरातली खोली बंद करून तिथे सायकली लावायच्या का ह्यावर मीटिंगा होतात, म्हाताऱ्यांचा विरोध, तरुण मंडळी गप्प. आमच्या मजल्यावरच्या आजींनी मुलाच्या आग्रहाखातर घरी मशिन घेतलंय, सुंदर आहे, आवाजसुद्धा येत नाही. तरी दर महिन्याला त्यांचं कुलूप बोर्डावर असतंच. मी विचारलं तर म्हणाल्या, गालिचा त्यात मावत नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, आणि जाळी कोण साफ करत नाही ते वर बसून कसं कळणार?