येवल्याच्या बाजारातली घोडी
रानवाटांवर फिरायला घोडा घ्यायचा म्हणून मंगळवारी नाशिकहून येवल्याच्या घोडेबाजारात गेलो, आणि तिथे जो तो रेवाल चाल, म्हणजे घोड्याची ती जलद, धक्के न देणारी चाल दाखवतोय, देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा बघा म्हणतोय, अरे पण मला काय वरातीत नाचवायचाय? मला अंजनेरीच्या पायथ्याला दगडगोट्यांतून शांत चालणारा पाहिजे. एक जण म्हणे चार वर्षांचा आहे भाऊ, दात बघितले तर दुधाचा एकही उरलेला नाही, म्हणजे ५ तरी पूर्ण. शेवटी एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची, काळ्या आयाळ-शेपटीची घोडी आवडली, चारही पाय उचलून खूर बघितले, उतारावर चालवली, रस्त्याकडेला नेऊन ट्रकचे हॉर्न ऐकवले, तर ही नुसती कान हलवून बघत राहिली. व्यवहार मात्र अडलाय, डॉक्टरला दाखवल्याशिवाय पैसे नाही म्हटलं तर मालकच रुसला.