पहिलीचे वर्ष घरी

आमच्या मुलीला यंदा सहा वर्षे पूर्ण झाली. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा तिला पहिलीत न घालता निदान एक वर्ष घरीच शिकवायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. नातेवाइकांपैकी अनेकांना या निर्णयाची काळजी वाटली आणि ती काळजी मायेपोटी असल्यामुळे तिची उत्तरे नीट विचार करून द्यावीत, असे मला वाटते. शाळेविषयी आमच्या मनात राग नाही. बालवाडीतल्या बाईंनी तिला जीव लावला होता. मात्र पाच वर्षेही पूर्ण झालेली नसताना रोज पानभर लिहिण्याचा गृहपाठ येऊ लागला आणि एरवी दिवसभर प्रश्न विचारणारी ही मुलगी वही समोर आली की गप्प बसू लागली, हे आम्हाला नजरेआड करता आले नाही.

पहिला प्रश्न अर्थातच कायद्याचा होता. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. घरच्या शिक्षणाला या कायद्यात वेगळी परवानगी नाही, तसाच ते करणाऱ्या पालकांना दंडही सांगितलेला नाही. म्हणजे हा मार्ग कायद्याने आखून दिलेला नाही, आणि जो पालक तो धरेल त्याने हे पुरते समजून घेऊनच धरावा, असे माझे मत आहे. आम्हाला धीर आला तो कलम ४ मुळे. सहा वर्षांवरील जे मूल शाळेत दाखलच झाले नाही किंवा ज्याचे शिक्षण मध्येच थांबले, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे परतीची वाट बंद होत नाही. पुढे शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. परंतु सहा वर्षांच्या मुलीच्या दहावीची चर्चा आज नको, एवढे मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा होता. माझे पती इथे नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात आणि मी घरून हिशेबाची कामे करते. त्यातली काही कामे मी सोडली. घरात येणारा पैसा तेवढा कमी झाला. प्रत्येक घराला हे परवडणार नाही, याची मला जाणीव आहे आणि म्हणूनच चांगली सरकारी शाळा ही कुठल्याही घरशिक्षणापेक्षा समाजाची मोठी गरज आहे, असे मी मनापासून मानते. सकाळचा दीड-दोन तासांचा वेळ आम्ही तिच्यासाठी राखून ठेवला आहे. पती पहिल्या पाळीत असतील तेव्हा तो मी सांभाळते, दुसऱ्या पाळीत असतील तेव्हा ते सांभाळतात. एवढ्या लहान वयाला बसून शिकण्यासाठी याहून अधिक वेळ लागत नाही. उरलेल्या दिवसात ती शिकतच असते, फक्त आपले लक्ष तिच्याकडे असावे लागते.

वाचनाची सुरुवात आम्ही ‘ग म भ न’ या जुन्या क्रमाने केली. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या शास्त्राप्रमाणे अतिशय सुंदर आहे, परंतु ‘क’ आणि ‘ख’ यांची वळणे सहा वर्षांच्या बोटांना सोपी नसतात. याउलट ग, म, भ, न ही अक्षरे एकमेकांच्या वळणाने जातात आणि त्यांतून ‘नग’, ‘मन’, ‘नभ’ असे शब्द लगेच तयार होतात. परातीत रवा पसरून त्यावर ती बोटाने अक्षरे काढते. चुकले की हात फिरवून पुसता येते, त्यामुळे वहीसमोर येणारी ती भीती इथे आलीच नाही. पेन्सिल रोज हातात घेतलीच पाहिजे, असा आग्रह आम्ही धरलेला नाही. काना, मात्रा, वेलांटी येईपर्यंत ती दुकानांच्या पाट्या वाचू लागली होती. जोडाक्षरांशी खरी गाठ पडली ती एसटीवरच्या ‘त्र्यंबकेश्वर’ या पाटीमुळे. तो शब्द तिला तोंडपाठ होता, म्हणून तिने आधी अंदाजाने वाचला आणि नंतर त्यातला ‘त’ कुठे गेला, हे विचारले. तो धडा कुठल्याही पुस्तकात त्या दिवशी येणार नव्हता.

पाठ्यपुस्तके आम्ही टाकून दिलेली नाहीत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि पहिलीच्या अखेरीस मुलाकडून काय अपेक्षित आहे, हे पाहण्यासाठी आम्ही ती समोर ठेवतो. गणितात मात्र मराठी मुलांची एक खरी अडचण आहे, तिच्यावर आमचे बरेच दिवस गेले. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो; ‘एकोणतीस’मध्ये तर दोनही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मला त्या बदलामागचा विचार मुलांच्या बाजूचा वाटतो. आम्ही घरी दोन्ही म्हणतो: काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधायचे, दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून ‘वीस आणि पाच’ म्हणायचे, आणि मगच ‘पंचवीस’. आजोबांना पावकी-दिडकी, म्हणजे पावपटीचे आणि दीडपटीचे पाढे, पाठ आहेत आणि ते तिला संध्याकाळी पाढे म्हणून दाखवतात. ती ते आनंदाने म्हणते, पण गठ्ठे मोजण्याची जागा पाठांतराने घेऊ नये, इतकी काळजी मी घेते.

मापनाचा सर्वांत चांगला धडा आम्हाला गोदावरीने दिला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी पायाला लागले, गुडघ्याला लागले, कमरेपर्यंत आले. बातम्यांत मात्र सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असे सांगतात. श्रावणात आम्ही सुरक्षित अंतरावरून पूर पाहिला आणि घरी आल्यावर तिने बादलीत उभ्या केलेल्या बाहुलीवर पाण्याच्या खुणा केल्या. किती तांबे ओतले की पाणी गुडघ्याला येते, याची नोंद तिने स्वतःच्या हाताने, उलटसुलट आकड्यांत का होईना, लिहून ठेवली. वहीशी तिचे वैर संपण्याची सुरुवात माझ्या मते तिथून झाली, कारण तिच्याजवळ प्रथमच लिहून ठेवावे असे काहीतरी होते.

हे सारे आमचे नवे शोध नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी आणि शंख, शिंपले, बिया, पाने यांतूनच शिकवावे, हा विचार त्यांनी आदिवासी पाड्यांवर प्रत्यक्षात आणला. त्यांचे कार्य अनेक मुलांसाठी होते आणि आमचे फक्त एका मुलीसाठी आहे, हा फरक मी विसरत नाही.

त्यातूनच सर्वांत अवघड प्रश्न येतो, तो सोबतीचा. संध्याकाळी सोसायटीतली मुले असतात, बुधवारी गोदाकाठच्या बाजारात भाजीवाल्या मावशींशी तिच्या गप्पा होतात, सार्वजनिक वाचनालयातून तिच्यासाठी पुस्तके आणतो. तरीही सकाळी दहानंतर इमारत रिकामी होते आणि तेव्हा ती एकटी असते. या एकटेपणाला आईवडील पर्याय ठरू शकत नाहीत. शहरात घरी शिकणारी आणखी दोन कुटुंबे आम्हाला भेटली असून आठवड्यातून एकदा तिन्ही घरांची मुले एकत्र येतात, भांडतात, नियम ठरवतात आणि मोडतात. त्या दिवसाची ती वाट पाहते, आणि तिला आणखी मुले हवी आहेत, हेही मला त्यातून स्पष्ट दिसते.

म्हणून आम्ही हा निर्णय कायमचा मानलेला नाही. रोज रात्री काय वाचले, काय मोजले, कशावर अडले आणि काय विचारले, हे मी तारीख घालून लिहून ठेवते. दिवाळीनंतर आणि पुन्हा मार्चमध्ये त्या नोंदी पहिलीच्या पुस्तकांशी ताडून पाहणार आहोत. मुलीने स्वतः शाळेचे नाव काढले, तर मार्चची वाट पाहायची नाही, हेही ठरले आहे. घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत आम्ही आधीच जाऊन आलो. जन्मदाखला घेऊन या, वयाप्रमाणे वर्ग देऊ, असे तिथल्या मुख्याध्यापिकांनी सांगितले आहे.