आखाजीच्या तोंडावर अडकलेला हिशोब

व्हायरस काढल्यावर कॉम्प्युटर सुरूच होत नाही म्हणून जे गिऱ्हाईक माझ्या दुकानात येतं, त्याला बहुतेक वेळा आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं, की आता फॉर्मॅट मारल्याशिवाय इलाज नाही. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. मशीन सुरू होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं, असं नसतं. पुष्कळदा विंडोजची एखादी फाईल गेलेली असते, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली, एखादी नोंद पुसलेली असते. ती कोणती हे शोधायला डोकं आणि वेळ लागतो, फॉर्मॅटला दोन्ही लागत नाहीत. पण त्या फॉर्मॅटमध्ये लोकांचे लग्नातले फोटो, दुकानाची उधारी, पोरांची प्रोजेक्टं कायमची गेलेली मी जळगावात पाहिली आहेत.

2010 च्या मे महिन्यातली गोष्ट. बारा वाजून गेले की आमच्याकडे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा उन्हात सावद्याकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचे दिवाणजी एसटीने आले. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आणलं होतं. बरोबर मालकांचा भाचा होता, इंजिनिअरिंगला शिकणारा. दिवाणजींना सगळे नाना म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. पाणी प्यायले आणि पहिलंच वाक्य बोलले, "भाऊ, डबा गेला तरी चालीन. मले हिशोब पाह्यजे."

हिशोब कसला, ते सांगायला हवं. रावेर-यावल भागातली केळी शेतातच कापून, वजन करून ट्रकमध्ये भरतात आणि ती थेट उत्तरेत जाते. शेतकऱ्याच्या हातात पावती पडते, पैसे नंतर. किती क्विंटल माल गेला, त्या दिवशी भाव काय होता, कापणीची मजुरी किती वजा झाली, आधी उचल किती घेतली होती, हे सगळं नानांनी टॅली या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये चढवलेलं. कच्च्या पावत्या होत्या, पण उचलीच्या नोंदी फक्त मशीनमध्ये. आणि आखाजी तोंडावर आलेली. बाहेरच्यांसाठी ती अक्षय्य तृतीया असेल, पण खान्देशात हा वर्षातला मोठा सण. लेकीबाळी माहेरी येतात, आणि सालदाराचं जुनं साल संपून नवं ठरतं ते याच सुमारास. शेतकऱ्याला सालदाराचा हिशोब चुकता करायचा असतो, म्हणून तो व्यापाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसतो. तेव्हा नानांना जी घाई होती ती एकट्या मालकाची नव्हती.

भाच्याला मी सगळं क्रमाने सांगायला लावलं. असं मी नेहमीच करतो, कारण निम्मं निदान त्यातच होतं. काही दिवसांपासून गूगलवर शोधून एखाद्या निकालावर क्लिक केलं की भलतीच साईट उघडत होती. अँटीव्हायरसची मुदत संपलेली. त्याने मित्राकडून व्हायरस काढायचं एक फुकटचं टूल पेनड्राइव्हवर आणलं, रात्रभर स्कॅन लावलं, सकाळी समोर लाल अक्षरांची लांब यादी. खाली "डिलीट ऑल" असं बटण. "दादा, सगळं लालच दिसत होतं," तो म्हणाला. मशीन रीस्टार्ट झालं, विंडोजचा लोगो आला, क्षणभर निळी स्क्रीन चमकली आणि पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून हेच चक्र.

पोराचा यात दोष आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. टूलनेच त्याला सगळं एका रंगात दाखवलं होतं. काही व्हायरसच्या स्वतःच्या फाईली असतात, त्या उडवल्या तर काही बिघडत नाही. पण काही व्हायरस विंडोजच्याच फाईलीत घुसतात. तिथे फाईल साफ करायची किंवा चांगली फाईल आणून बदलायची असते. नुसती उडवली तर व्हायरसबरोबर विंडोजचा अवयवही जातो.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममध्ये, पाहिलं, हार्ड डिस्क दिसत होती. मग एफ8 दाबून मेनूतला आपोआप रीस्टार्ट बंद करणारा पर्याय निवडला. आता निळी स्क्रीन थांबून राहिली. शेवटी 7बी असलेला स्टॉप कोड. विंडोज एक्सपी चालवणाऱ्या प्रत्येक रिपेअरवाल्याने हा कोड पाहिलेला असतो. विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं आहे तीच डिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. सुरुवातीला डिस्क वाचायचं काम बायोसच्या मदतीने होतं, म्हणून लोगोपर्यंत गाडी येते. पुढे विंडोज स्वतःचा ड्रायव्हर वापरून डिस्ककडे जातं. तो ड्रायव्हरच नसेल तर विहीर भरलेली आहे पण मोटारच कुणी काढून नेली, तशी गत होते. केबल सैल असली किंवा बायोसमधला साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला तरी हाच कोड येतो. ते दोन्ही तपासलं, ठीक होतं.

इथून पुढे बरेच जण तेव्हा थेट एक्सपीची सीडी टाकून रिपेअर इन्स्टॉल, म्हणजे विंडोजवरच पुन्हा विंडोज टाकणं, सुरू करत, निदान डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क तरी चालवत. मी त्या डिस्कवर एक अक्षरही लिहायला तयार नव्हतो. आधी हिशोब बाहेर. सीडीवरूनच चालू शकणाऱ्या उबंटू या सिस्टीमच्या सीड्या त्या काळी मागवल्या की पोस्टाने फुकट घरी येत. त्यातलीच एक टाकून मशीन सीडीवरून सुरू केलं, म्हणजे डिस्कवरच्या विंडोजला हातच लावायचा नाही. डिस्क उघडली. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये पाच आकडी नंबरचं फोल्डर, त्यात शेवटी 900 असलेल्या फाईली, तारखा अगदी गेल्या आठवड्यापर्यंतच्या. ते फोल्डर आणि नानांनी टाईप केलेली पत्रं, एवढंच कॉपी केलं. प्रोग्रामची एकही फाईल घेतली नाही, कारण व्हायरस त्यातूनच सोबत येतो.

कॉपी संपते न संपते तोच लाईट गेली. तिकडे भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते आणि इकडे आमच्या दुपारा भारनियमनात जातात, हे तेव्हा रोजचंच होतं. इन्व्हर्टरवर मशीन तगलं. वरच्या मजल्यावर एक अकाउंटंट बसत, त्यांच्या टॅलीत ते फोल्डर उघडून नानांना दाखवलं. नानांनी खिशातून घडी केलेली पावती काढली, त्या शेतकऱ्याचं खातं उघडायला सांगितलं आणि उचलीच्या ओळीवर बोट ठेवून आकडा स्वतः वाचला. मग दुसरं खातं, मग तिसरं. मी घाई केली नाही.

खरं तर इथे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग. तसं मी त्यांना सांगितलंही. पण एक्सपी, सर्व्हिस पॅक, अपडेट, टॅलीचं लायसन्स पुन्हा चालू करणं, पावत्या छापणाऱ्या जुन्या डॉटमॅट्रिक्सचा ड्रायव्हर, हे सगळं भारनियमनातून वाट काढत करायचं तर आखाजी निघून गेली असती. म्हणून ठरवलं, आधी मशीन उभं करायचं, इंटरनेटची वायर न लावता त्यावर पावत्या आणि पेमेंट उरकायची, आणि सणानंतर ते मुळापासून नवं करायचं.

आता उडालं काय, हे पाहायचं. असल्या टूलचा लॉग, म्हणजे त्याने काय काय केलं त्याची नोंद, बहुधा डिस्कवर साध्या मजकुराच्या फाईलीत राहतो. उबंटूमधूनच तो उघडला. एकेक ओळ वाचत खाली गेलो. टेंपररी फोल्डरमधला कचरा, पेनड्राइव्हवरून आलेल्या ऑटोरन फाईली, आणि मग विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधली अटापी डॉट सिस. पुढे शब्द, डिलीटेड. हाच डिस्कचा ड्रायव्हर.

ही फाईल यादीत का आली, हे कळायला त्या काळची साथ आठवावी लागेल. टीडीएसएस नावाचा रूटकिट, म्हणजे विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवणारा व्हायरस, तेव्हा जोरात होता, मायक्रोसॉफ्ट त्याला अलुरियन म्हणे. गूगलच्या निकालावरून भलतीकडे नेणं हे त्याचं ठळक लक्षण. त्याची तिसरी पिढी अटापी डॉट सिससारख्या ड्रायव्हरमध्येच घुसायची. फाईलचा आकार तेवढाच ठेवायची, आपला उरलेला माल डिस्कच्या शेवटच्या भागात लपवायची आणि चालू विंडोजमधून कुणी ती फाईल वाचायला गेलं तर समोर स्वच्छ मूळ फाईल धरायची. त्याच वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचं एमएस10-015 हे अपडेट आलं आणि ज्या मशीनवर हा रूटकिट होता ती निळ्या स्क्रीनवर अडकली. लोकांनी आधी अपडेटलाच शिव्या दिल्या. आणि 21 एप्रिलला मॅकॅफीच्या एका अपडेटने एक्सपी सर्व्हिस पॅक 3 मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची अगदी निरोगी फाईल व्हायरस समजून बाजूला काढली, जगभरात मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. जिथे एवढ्या मोठ्या कंपनीचा नेम चुकतो, तिथे भाच्याच्या एका बटणाचं काय घेऊन बसायचं.

माझ्याकडे सर्व्हिस पॅक 3 ची सीडी होती. डिस्कवरचं विंडोजही तेच आहे याची खात्री केली, कारण जुन्या सर्व्हिस पॅकचा ड्रायव्हर त्यात बसवणं मला पटत नाही. सीडीवरून सुरू करून आर दाबलं, रिकव्हरी कन्सोल उघडला, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड रिकामाच होता. सीडीच्या आय386 फोल्डरमध्ये ही फाईल दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवलेली असते, नावाच्या शेवटच्या अक्षराऐवजी अंडरस्कोर. एक्स्पांड कमांडने ती ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये उघडली. एक फाईल एक्स्पांड झाल्याची ओळ आली. सीडी काढली, मशीन चालू केलं. लोगो, मग निळी स्वागताची स्क्रीन. नाना उठून उभे राहिले.

नावावर क्लिक केलं. "लोडिंग युअर पर्सनल सेटिंग्ज" आलं आणि लगेच "सेव्हिंग युअर सेटिंग्ज". पुन्हा स्वागताची स्क्रीन. आत जातंय आणि त्याच पावली बाहेर येतंय. सेफ मोडमध्येही तेच.

नानांचा चेहरा उतरला, पण मला हायसं वाटलं होतं. डिस्कचा प्रश्न सुटला होता आणि या दुसऱ्या दुखण्याची जागा ठाऊक होती. लॉगॉन झाल्यावर विंडोज युजरइनिट नावाचा छोटा प्रोग्राम चालवतं आणि तो पुढे डेस्कटॉप उघडतो. तो कुठे आहे ते रजिस्ट्रीत विनलॉगॉनखाली लिहिलेलं असतं. ती नोंद बिघडली की माणूस दारातूनच परत. लॉग पुन्हा वाचला आणि खाली खाली सापडलं: सिस्टम32 मधली एसडीआरए64 डॉट ईएक्सई डिलीट, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत युजरइनिटची अख्खी नोंद डिलीट. व्हायरसने त्या नोंदीत खऱ्या प्रोग्रामच्या मागे आपलं नाव जोडलं होतं. टूलने फक्त ते जोडलेलं नाव काढायच्या ऐवजी ओळच पुसली.

काही केसेसमध्ये व्हायरस खरं नाव काढून तिथे फक्त स्वतःचं लिहितो. तेव्हा युजरइनिटची एक प्रत त्या उडालेल्या नावाने करून ठेवली तरी लॉगिन होतं, मग आत जाऊन नोंद दुरुस्त करता येते. इथे नोंदच नव्हती, म्हणून ती युक्ती उपयोगाची नव्हती. बार्टपीई या सीडीवरूनच चालणाऱ्या छोट्या विंडोजने मशीन सुरू केलं, रजिस्ट्री एडिटरमधून डिस्कवरची सॉफ्टवेअर नावाची हाईव्ह, म्हणजे रजिस्ट्रीची फाईल, लोड केली, विनलॉगॉनपर्यंत गेलो आणि नोंद हाताने टाईप केली: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम32, युजरइनिट डॉट ईएक्सई आणि शेवटी स्वल्पविराम, मुळात असतो तसाच. युजरइनिटची फाईल जागेवर आहे ना, तेही पाहिलं. हाईव्ह अनलोड केली, रीस्टार्ट. डेस्कटॉप आला. त्यावर देवीचा फोटो आणि टॅलीचं आयकॉन.

त्या एसडीआरए64 या नावाने मात्र मला अस्वस्थ केलं. ते झ्यूस या व्हायरसचं ठरलेलं नाव, आणि झ्यूस नेटबँकिंगचे पासवर्ड चोरण्यासाठीच कुख्यात होता. मी नानांना विचारलं, या मशीनवरून बँकेचं काम होतं का? होत होतं. मालकांना तिथूनच फोन लावायला सांगितला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड बदलून घेतले आणि बँकेला कळवायला सांगितलं. मशीन सुरू करण्याइतकंच हे महत्त्वाचं होतं, पण दुकानात हे सांगतं कोण?

सीडीवरून अजून एकदा पूर्ण स्कॅन झालं, इंटरनेटचं पोर्ट बंद केलं, आणि संध्याकाळच्या एसटीने कॅबिनेट गोधडीसह परत गेलं. पेमेंट आखाजीच्या आधी झाली. सण उरकल्यावर भाचा एकटाच मशीन घेऊन आला. डिस्क पार पुसली, एमबीआर या तिच्या सुरुवातीच्या बूट भागासकट, आणि सगळं नव्याने टाकलं. या वेळी तो शेजारी खुर्ची ओढून बसला होता. लॉग कुठे सापडतो, डिलीट करण्याआधी क्वारंटाईन, म्हणजे न उडवता बाजूला बंद करून ठेवणं, का करायचं, विंडोजच्या फोल्डरमधलं नाव यादीत दिसलं तर आधी काय तपासायचं, हे सगळं त्याने वहीत लिहून घेतलं. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी दोन पेनड्राइव्हवर आलटून पालटून घ्यायचं ठरलं, एक पेढीवर, एक नानांच्या घरी.